सुभाष रोडवरचे घर : आजची किंमत किती?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरतीनंतर आणि प्रसादाच्या आधी भाषण ठेवले म्हणजे वक्त्याने आटोपशीर बोलावे असा कार्यकर्त्यांचा हेतू असतो. तो आम्ही ओळखून आहोत. विषय मंडळानेच दिला आहे : सध्याच्या मंद बाजारात आपल्या घराची किंमत कशी ओळखावी. आम्ही राज्य सरकारच्या बांधकाम खात्यातले नोकर, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. आम्ही रजिस्टर्ड व्हॅल्युअर नव्हे आणि एजंट तर नव्हेच नव्हे. पण इमारतींची मोजमापे आणि अंदाजपत्रके करण्यात नोकरीची वीस वर्षे गेली, म्हणून ओळखीचे लोक घराचे कागद घेऊन येतात आणि विचारतात, "साहेब, आमच्या घराचे आज किती येतील?"

विचारणारे सगळेच विकायला निघालेले नसतात. आपल्या समाजात हा प्रश्न बहुधा वाटणीच्या वेळी येतो. आजोबांनी किंवा पणजोबांनी सुभाष रोडवर, मंगळवार पेठेत, नाहीतर माळमड्डीला घर केले. आज एक भाऊ धारवाडला, दुसरा पुण्यात, बहीण बेळगावला, आणि तिसऱ्याचा मुलगा अमेरिकेत. धारवाडात राहिलेल्याने आई-वडिलांचे केले, कौले परतली, कॉर्पोरेशनचा कर भरला. त्याला घर ठेवून बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे असतात. तो म्हणतो, घराचे सत्तर लाख होतात. पुण्याचा भाऊ म्हणतो, दीड कोटी. गंमत अशी की दोघेही खोटे बोलत नसतात. दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणांहून आकडा आणलेला असतो, एवढेच. पण या फरकापायी गौरी-गणपतीला एकत्र येणे बंद झालेली घरे या सभागृहात बसलेल्यांनाही माहीत आहेत. म्हणून आकडा येतो कोठून, हे आज थोडे खोलात पाहू.

आधी बाजार मंद आहे म्हणजे काय ते बघू. भाजीचा बाजार मंद झाला की संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी निम्म्या भावाने जाते, कारण ती उद्या सुकणार. घर सुकत नाही. म्हणून घरांच्या मंदीत भाव पडल्याचे लगेच दिसत नाही, व्यवहारच थांबतात. मालक म्हणतो, "आम्हाला काय घाई आहे?" गिऱ्हाईक म्हणते, "आणखी बघू." पाटी लागलेली राहते. असा तीन-चार वर्षांचा काळ गेला की त्या रस्त्यावर भाव किती हे सांगायला खरेदीपत्रेच उरत नाहीत, आणि ऐकीव आकड्यांवर गाव चालते. कोणीतरी बारा वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवर म्हणालेले असते, "तुमच्या घराला दोन कोटी कोणीही देईल." तो माणूस स्वतः देणार नव्हता. पण तो आकडा घरात पाहुण्यासारखा येतो आणि कायमचा राहतो.

हा आपल्या लोकांचाच स्वभाव आहे असे समजू नका. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या बोस्टन शहरात फ्लॅटचे भाव उतरले. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या दशकातले व्यवहार तपासून २००१ साली निबंध लिहिला. ज्यांनी चढ्या भावात फ्लॅट घेतला होता, त्यांनी होणाऱ्या तोट्याच्या २५ ते ३५ टक्के इतकी रक्कम मागणीच्या किमतीत चढवून ठेवली होती. त्यांना थोडी जास्त किंमत मिळालीही, पण फ्लॅट विकायला जास्त काळ लागला. आपल्याकडे जुन्या पेठेतल्या घराला खरेदीचा तोटा नसतोच, कारण पणजोबांनी ते काही शे किंवा काही हजारांत घेतलेले असते. आपण तोटा मोजतो तो त्या टपरीवरच्या दोन कोटींपासून.

"भाव पडलेला नाही हो, सहा वर्षे तोच आहे," असे समाधानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. सहा वर्षे महागाई दरसाल पाच टक्क्यांनी वाढली असे धरा आणि घराचा भाव तोच राहिला असे धरा. म्हणजे त्या पैशात येणाऱ्या वस्तूंच्या हिशेबाने घर चवथाईने उतरले. ते कागदावर दिसत नाही, म्हणून टोचत नाही. तसेच थांबण्याचे. आज कोणी खरोखर एक कोटी देतो आहे, आणि आपण तीन वर्षे थांबून एक कोटी वीस लाखांना दिले, तर जिंकलो असे वाटते. पण एक कोटी बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर, व्याजावरचा कर सोडून देऊ, तीन वर्षांत एक कोटी साडेबावीस लाख झाले असते. शिवाय तीन पावसाळे गळती, तीन वर्षांचा घरपट्टीचा कर, आणि बंद घराची राखण. थांबू नये असे आम्ही म्हणत नाही. थांबण्याचे पैसे पडतात, ते हिशेबात घ्यावेत.

आता आपल्या गावाकडे येऊ. धारवाड वाढले, यात शंका नाही. २००८ साली हायकोर्टाचे पीठ आले, ते गावाबाहेर हायवेजवळ बेलूरला. २०१६ साली आय.आय.टी. आली, आधी वाल्मीच्या आवारात, आणि २०२३ च्या मार्चमध्ये तिच्या कायमच्या परिसराचे उद्घाटन झाले, तोही गावाबाहेरच. हुबळी-धारवाड बी.आर.टी.एस.ची चिगरी बस २०१८ च्या ऑक्टोबरपासून धावू लागली, ती पी.बी. रोडवरून. प्रत्येक वेळी पेठेतल्या माणसाने मनात आपल्या घराचा भाव वाढवून घेतला. पण वकिलाला कचेरी पाहिजे ती गाडी लावायला जागा असेल तिथे, प्राध्यापकाला घर पाहिजे ते कॉलेजच्या वाटेवर, आणि सॉफ्टवेअरमधल्या मुलाला पाहिजे लिफ्टचा फ्लॅट. गाव वाढले ते बाहेरच्या बाजूला. जुन्या पेठेच्या वाट्याला गर्दी आली, गिऱ्हाईक मात्र त्या मानाने आले नाही.

सुभाष रोडची गोष्ट तर आणखी वेगळी. हा बाजाराचा रस्ता आणि पुस्तकांचाही रस्ता. मनोहर ग्रंथमालेचे 'अट्ट' म्हणजे तो वरचा माळा इथेच आहे. १९३३ साली जी. बी. जोशींनी सुरू केलेली ही प्रकाशनसंस्था. बेंद्रे, कुर्तकोटी, गिरीश कार्नाड यांची तिथे ये-जा असे. त्या माळ्याची किंमत कोणत्या चौरस फुटात मोजायची? मोजता येत नाही, आणि खरेदीदार ती देतही नाही. आपल्या घरातही असा एखादा माळा असतो, जिथे आजोबा ज्ञानेश्वरी वाचत बसायचे. त्याचे मोल आपल्याला आहे. दुसऱ्याला ते फक्त सागवानी पाटण आहे. हे कडू वाटते, पण इथपासूनच सुरुवात करावी लागते.

सरकारी आकडा सगळ्यांत आधी सापडतो, म्हणून तो आधी घेऊ. महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्याला आपल्याकडे गाइडन्स व्हॅल्यू म्हणतात. कावेरी पोर्टलवर घरबसल्या बघता येते. यापेक्षा कमी किमतीवर मुद्रांक शुल्क घेत नाहीत. कर्नाटकात १ ऑक्टोबर २०२३ पासून नवे दर लागू झाले. त्याआधी कोरोनाच्या मंदीत, १ जानेवारी ते ३१ मार्च २०२२ या तीन महिन्यांसाठी, सरकारने याच दरात दहा टक्के सूट दिली होती. शेजारी महाराष्ट्राने २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मुद्रांक शुल्कच पाचावरून दोन टक्क्यांवर आणले होते. म्हणजे बाजार मंद आहे हे सरकारलाही कबूल करावे लागते, ते अशा सवलतींतून.

पण गाइडन्स व्हॅल्यू म्हणजे आपल्या घराची किंमत नव्हे. ती एका रस्त्याची किंवा एका भागाची सरासरी असते. त्यात तुमचे घर कोपऱ्यावर आहे की बोळात, दर्शनी बाजू दहा फूट की चाळीस फूट, हे नीटसे उतरत नाही. तेजीत ती बाजाराच्या मागे राहते. मंदीत उलटे होते : दर वाढवून ठेवलेला, आणि खरे गिऱ्हाईक त्याच्या खाली. अशा वेळी जपून. ठरलेली किंमत गाइडन्स व्हॅल्यूपेक्षा फार कमी असेल तर, फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की, प्राप्तिकराच्या कायद्याने विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशावर कर बसू शकतो, आणि घेणाऱ्यालाही. त्या वेळी सी.ए.ला विचारल्याशिवाय सही करू नये.

शेजारच्या घराचे काय झाले हे ई.सी. काढून बघता येते. त्यात व्यवहाराची रक्कमही असते. पण कागदावरची रक्कम आणि हातात पडलेली रक्कम एकच असेल असे नाही. आम्ही सरकारी नोकर, यावर जास्त बोलत नाही, तुम्ही सगळे जाणते आहात. एवढेच सांगतो की पुष्कळ खरेदीपत्रांतली रक्कम गाइडन्स व्हॅल्यूला चिकटून असते. दोन्ही आकडे जुळले म्हणून ते खरे ठरत नाहीत, कारण दुसरा पहिल्याकडे बघूनच लिहिलेला असतो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी सुभाष रोडसारख्या रस्त्याला फार लागू पडते. आपल्या जुन्या जागा कशा आहेत? पुढे अरुंद आणि मागे खोल. रस्त्यावर दोन दुकाने, मग बोळ, मग पडवी, चौक, माजघर, आणि शेवटी परसू, ज्याला आपण इथे हित्तलच म्हणतो. घरमालक काय करतो? रस्त्यावरच्या दुकानाच्या जागेचा दर घेतो आणि हित्तलातल्या विहिरीपर्यंत तोच लावतो. मूल्यमापनात असे करत नाहीत. जागेचे पट्टे पाडतात. रस्त्यालगतच्या पट्ट्याला पूर्ण दर, त्यामागच्याला दोन तृतीयांश, आणि त्याच्याही मागच्याला निम्मा.

हिशेब सोपा जावा म्हणून आकडे मनाने धरू. दर्शनी बाजू २० फूट, खोली १२० फूट, एकूण २,४०० चौरस फूट. आपल्या भाषेत दोन गुंठ्यांहून थोडे जास्त, कारण गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. समजा रस्त्यालगतचा दर ६,००० रुपये. सरसकट लावला तर १ कोटी ४४ लाख. हा झाला पुण्याच्या भावाचा आकडा. आता पट्टे पाडा. पहिले ३० फूट म्हणजे ६०० चौरस फूट, ६,००० ने ३६ लाख. पुढचे ४५ फूट म्हणजे ९०० चौरस फूट, ४,००० ने ३६ लाख. शेवटचे ४५ फूट, पुन्हा ९०० चौरस फूट, ३,००० ने २७ लाख. बेरीज ९९ लाख. जागा तीच, दर तोच, आणि ४५ लाखांचा फरक फक्त खोलीमुळे. मागून बोळाची वाट असेल, दुसरा रस्ता लागत असेल, तर हिशेब बदलतो. आणि घेणारा जर लगतचा शेजारीच असेल तर पट्टे विसरा. त्याची अरुंद जागा तुमच्यामुळे रुंद होते, म्हणून त्याला जास्त दर परवडतो. सुभाष रोडवर घर विकायचे तर आधी दोन्ही बाजूंच्या भिंतींपलीकडे विचारावे, मग एजंटाकडे जावे.

त्या पुढच्या दोन दुकानांत जुने भाडेकरू आहेत असे समजू. आपल्याकडे ते असतातच. त्यांच्या वडिलांनी आपल्या आजोबांकडून जागा घेतलेली, दोन्ही घरांत संक्रांतीचा तिळगूळ होतो, आणि भाडे मिळून महिना ३,००० रुपये. वर्षाचे ३६,०००. कर आणि डागडुजी वजा जाता हातात ३०,०००. पैसे गुंतवणाऱ्याला आठ टक्के तरी सुटावेत असे धरले, तर या उत्पन्नाची किंमत होते पावणेचार लाख. मोकळी असती तर हीच जागा ३६ लाखांची. खरा खरेदीदार या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी थांबतो. भाडेकरूला काय द्यावे लागेल, आणि तो गेला नाही तर कोर्टात किती वर्षे जातील, हे तो मनात वजा करतो. धारवाडच्या भावाचे सत्तर लाख बहुतेक इथून आलेले असतात. त्याने हा हिशेब कागदावर मांडलेला नसतो, पण त्या भाडेकरूला तो रोज बघतो. पुण्याचा भाऊ वर्षातून एकदा बघतो.

आता इमारत. जागेची किंमत वाढते, इमारतीची झिजते, हे दोन वेगळे हिशेब आहेत. समजा १९८५-८६ च्या सुमारास बांधलेले स्लॅबचे घर आहे, १,५०० चौरस फुटांचे. आज तसेच बांधायला चौरस फुटाला २,००० रुपये लागतात असे धरले तर ३० लाख. आयुष्य ८० वर्षे धरा, वय ४० वर्षे. मोडीचे दहा टक्के, म्हणजे तीन लाख, बाजूला ठेवायचे. उरलेल्या सत्तावीस लाखांतून निम्मे आयुष्य गेले. इमारतीची आजची किंमत साडेसोळा लाख. स्लॅबमध्ये गज गंजून सिमेंटचे पापुद्रे सुटत असतील तर त्याहून कमी. माळवदाचे किंवा मंगळुरी कौलांचे, मातीत बांधलेले ऐंशी-नव्वद वर्षांचे घर असेल तर हिशेबाने मोडीचीच किंमत राहते : सागवान, घडीव दगड, थोडी कौले. जुन्या सागवानाला मात्र चांगले गिऱ्हाईक असते, ते फुकट घालवू नका. पाच वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा कट्टा घातला आणि त्याला दोन लाख लागले, हे खरेदीदाराला सांगून उपयोग नसतो. तो घर पाडणार असेल तर त्याच्या दृष्टीने इमारत म्हणजे पाडण्याचा खर्च.

धारवाडची माती हाही मुद्दा आहे. पूर्वेकडे काळी, पश्चिमेकडे लाल. काळ्या मातीत पाया चुकला की भिंतीला तिरक्या भेगा जातात. उन्हाळ्यात त्या उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात. म्हणून घर बघायला जाणारा शहाणा माणूस मे महिन्यात जातो. आणि १९ मार्च २०१९ ला कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, माणसे गेली, ते धारवाड विसरलेले नाही. तेव्हापासून परवानगीचा नकाशा आणि इंजिनिअरचे नाव विचारणारे लोक वाढले, असे आमचे निरीक्षण आहे. विचारलेच पाहिजे.

एक गोष्ट घरमालकाला सहसा सुचत नाही. आपले घर किती जण कर्ज काढून घेऊ शकतात? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच देते, आणि किमतीचा आकडा बँकेच्या व्हॅल्युअरचा. जुन्या पेठेत मंजूर नकाशा सापडत नाही, वाटणी तोंडी झालेली, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव. अशा घराला बँक हात लावत नाही. मग उरतात रोख पैसे असलेली चार माणसे, आणि त्यांना आपण चारच आहोत हे माहीत असते. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, म्हणून आपल्याकडे सिटी सर्व्हे आहे, तो एक फायदाच. काही घरांत तर मोडीतले कागदसुद्धा निघतात. ते जपा, पण आजच्या व्यवहाराला उतारा, ई-खाता, ई.सी., कराची पावती आणि मंजूर नकाशा लागतो. ई-खात्याशिवाय आता नोंदणीच होत नाही. शिवाय हुडाच्या आराखड्यात रस्तारुंदीची रेघ आपल्या ओट्यावरून जाते की दुकानातून, हे जाऊन बघा. दर्शनी दहा फूट गेले तर पहिल्या पट्ट्यातलेच गेले.

बहिणींच्या सह्यांबद्दलही इथे सांगितले पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने तो आणखी स्पष्ट केला. "ताई काही मागणार नाही," या भरवशावर ठरवलेली किंमत खरेदीदाराचा वकील पहिल्या भेटीतच मोडून काढतो. कागद नीट असलेले घर आणि कागद अडकलेले घर शेजारी शेजारी असले तरी त्यांची किंमत एक नसते. कागद नीट करायला लागणारा खर्च त्या फरकापुढे किरकोळ असतो.

खरेदीदाराचा खिसाही बघा. कर्नाटकात ४५ लाखांच्या वरच्या खरेदीला मुद्रांक शुल्क पाच टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार धरून शहरात ५.६ टक्के. नोंदणी शुल्क एक टक्का होते, ते ३१ ऑगस्ट २०२५ पासून दोन टक्के झाले. म्हणजे एक कोटीच्या घराला ७ लाख ६० हजार सरकारात, वर एजंट आणि वकील. तुम्ही एक कोटी म्हणता तेव्हा त्याच्या कानावर एक कोटी नऊ-दहा लाख पडते.

आणि तुमच्या हातात एक कोटी पडत नाहीत. वडिलोपार्जित घराला १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, मात्र ती त्या वेळच्या सरकारी दराच्या वर नसावी. जुलै २०२४ पासून नफ्यावर साडेबारा टक्के कर, महागाईचा निर्देशांक न लावता. त्याआधी मिळालेल्या घराला, इथे राहणाऱ्या माणसाला, निर्देशांक लावून वीस टक्के हाही पर्याय ठेवला आहे. २००१ ची किंमत दहा लाख असेल आणि २०२५-२६ मध्ये एक कोटीला विकले असेल, तर पहिल्या रीतीने सव्वाअकरा लाख कर, दुसरीने जवळजवळ साडेबारा लाख. २००१ ची किंमत पंधरा लाख असेल तर उलट दुसरी रीत स्वस्त पडते. म्हणून २००१ च्या किमतीचा दाखला रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून आधी घ्या, विक्रीनंतर धावाधाव करू नका. अमेरिकेतल्या पुतण्याला मात्र हा दुसरा पर्याय नाही, हे त्याला आधी सांगितलेले बरे. दुसरे राहते घर घेतले तर नफ्यावरच्या करात सूट मिळते, ते तपशील सी.ए. सांगतील.

तर वाटणीच्या वेळी आकडा ठरवायचा कसा? आमच्या मते बाजार मंद असताना "बाजारभाव" या शब्दावर भांडू नये, कारण बाजारच भरलेला नाही. दोन व्हॅल्युअर लावा, एक धारवाडच्या भावाच्या पसंतीचा, एक बाकीच्यांच्या. दोघांनाही भाडेकरूसकट आणि आहे त्या कागदांसकट किंमत लिहायला सांगा. मोकळ्या जागेची किंमत वेगळी लिहू द्या. भाडेकरू पुढे पाच वर्षांत गेला तर वाढीव रकमेतला हिस्सा इतरांना द्यायचा, असे कलम वाटणीपत्रात घालता येते. आम्हाला हे कलम फार आवडते, कारण आज माहीत नसलेल्या गोष्टीवर आज भांडण होत नाही.

दुसरी एक जुनी रीत आहे, दोन भावांत चांगली चालते. एकाने किंमत सांगायची, आणि त्या किमतीला घ्यायचे की द्यायचे हे दुसऱ्याने ठरवायचे. सांगणारा मग फुगवूनही सांगत नाही आणि दाबूनही सांगत नाही. ज्याच्याकडे घ्यायला पैसेच नाहीत त्याच्यावर मात्र ही रीत लादू नये. ते न्याय्य होत नाही. कोर्टात गेलात तर १८९३ चा विभाजन कायदा आहे. वाटून न देता येणारी मिळकत कोर्ट विकायला लावू शकते, आणि हिस्सेदाराला ठरलेल्या किमतीने ती घेताही येते. पण तिथे पोहोचेपर्यंत कौले कोण परतणार? घरातल्या घरात वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र केले तर शुल्क खरेदीपत्रापेक्षा पुष्कळ कमी पडते.

धारवाडच्या भावाने वीस वर्षे घर सांभाळले त्याचे काय, हा प्रश्न व्हॅल्युअरला विचारू नका. त्याच्या तक्त्यात तो रकाना नाही. आई-वडिलांचे केले त्याचे पैसे मागणे कोणालाच शोभत नाही, आणि न विचारता ते विसरून जाणेही शोभत नाही. आमच्या पाहण्यात एका कुटुंबाने दोन्ही व्हॅल्युअरांची सरासरी घेतली, आणि मग थोरल्या बहिणीने सुचवले की छप्पराचा आणि कराचा जुना खर्च आधी वजा करून नंतर हिस्से पाडावेत. पावत्या होत्या म्हणून ते झाले. राहणाऱ्याने पावत्या ठेवाव्यात, आणि बाहेरच्यांनी त्या मागायच्या आधीच मान्य कराव्यात.

भाषणानंतर प्रश्न झाले, त्यातला एकच इथे देतो. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारले, "आम्हाला विकायचे नाही, वाटायचेही नाही. मग हा आकडा घेऊन आम्ही काय करू?" काकूंना आम्ही सांगितले की त्यांना वेगळा आकडा पाहिजे. घराचा विमा काढताना जागेची किंमत धरायची नसते, कारण आगीत जागा जळत नाही. इमारत आज पुन्हा उभी करायला जो खर्च येईल तो धरायचा, आणि दर तीन-चार वर्षांनी तो वाढवून घ्यायचा. काकू म्हणाल्या, विमा काढलेलाच नाही. सभागृहात हात वर करायला सांगितले तर ज्यांनी घराचा विमा काढला आहे असे पाच-सहा हात वर आले. मोटारसायकलचा विमा मात्र सगळ्यांकडे होता.